घर गहाण ठेवून कोलंबिया?

या आठवड्याचं पत्र नागपूरहून आलंय. नावगाव वगळून, थोडं आटोपतं करून देते.

‘ताई, मी २६ वर्षांची. बीडीएस झाले, दोन वर्षं एका दवाखान्यात काम करते. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाऊन तोंडात दोन बोटंही जाणार नाहीत अशी अवस्था झालेली पंचविशीतली पोरं रोज समोर बसतात. एकेकाचं तोंड बघत बसण्यापेक्षा या रोगाच्या मुळाशी जावं, असं वाटून पब्लिक हेल्थकडे वळायचं ठरवलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला. वर्षाला दहा हजार डॉलरची सवलत दिलीय, ती धरूनही दोन वर्षांचा सगळा खर्च दीड कोटीच्या घरात जातो. बाबा एसटीत वाहक आहेत, दोन वर्षांत निवृत्त होतील. आई अंगणवाडी सेविका. “बाबासाहेब शिकले तिथं माझी पोरगी चालली,” असं बाबा अख्ख्या वस्तीत सांगून आलेत. घर आणि मामांचा प्लॉट तारण ठेवायचा म्हणून बँकेतही जाऊन आले. प्लॉट देणारे मामाच म्हणतात, खासगी विद्यापीठ आहे, पैसे मोजले की कुणालाही घेतात. सरकारी शिष्यवृत्तीची जाहिरात अजून निघालेली नाही, आणि जागा पक्की करायची मुदत तीन आठवड्यांवर आली. नाही म्हटलं तर बाबांचं मन मोडतं, हो म्हटलं तर मला झोप लागत नाही. काय करू?’

प्रिय मुली,

आधी उत्तर सांगते, मग कारणं. यंदा घर तारण ठेवून जाऊ नकोस. प्रवेशही घाईनं सोडू नकोस. तो वर्षभर पुढे ढकलता येतो का ते विचार, आणि मिळालेलं वर्ष शिष्यवृत्तीचे अर्ज आणि खर्ऱ्याचं काम यांत घाल. कोलंबियाला जायचं तर दुसऱ्याच्या पैशावर जायचं. तुझ्या बाबांना हे ऐकायला जड जाईल, म्हणून त्यांच्याच दैवतापासून सुरुवात करू.

बाबासाहेब १९१३च्या जुलैत न्यूयॉर्कला उतरले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात परत येऊन बडोदा संस्थानाची दहा वर्षं नोकरी करायचा करार. त्या पैशातूनही ते घरी पाठवत. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, म्हणून माणूस तीन वर्षांत अधाशासारखा शिकला: अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. १९१५ला एम.ए., आणि ९ मे १९१६ला मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातल्या जातींवरचा तो प्रसिद्ध निबंध. पुढे लंडनला गेले, आणि १९१७मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. तेव्हा त्यांनी काय केलं? शिक्षण अर्धवट ठेवून परत आले. लंडनमधला अभ्यास चार वर्षांच्या आत येऊन पुरा करायची परवानगी मात्र निघण्याआधी पदरात पाडून घेतली. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या कोलंबियातल्याच मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२०मध्ये पुन्हा लंडन गाठलं. कोलंबियाची पीएच.डी. पदवी हातात पडली १९२७मध्ये.

हे सगळं तुझ्या बाबांना माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. फक्त या प्रश्नाच्या अंगानं त्यांनी ते पाहिलं नसेल. पुढे ढकलणं, पैसा जमवणं, परत जाणं, हे सगळं त्या चरित्रात आहे. कर्जही आहे, पण ते मित्राकडचं आणि शेवटच्या टप्प्यासाठी. घर गहाण ठेवणं मात्र त्यात कुठे नाही.

आता मामांचा मुद्दा. तो तुला लागलाय हे पत्रातून कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे खासगी म्हटलं की संस्थाचालक, डोनेशन, मॅनेजमेंट कोटा डोळ्यांसमोर येतो. कोलंबियाचा प्रकार वेगळा. ही संस्था १७५४ साली ब्रिटनच्या राजाच्या सनदेनं ‘किंग्ज कॉलेज’ म्हणून सुरू झाली, तेव्हा अमेरिका नावाचा देशही नव्हता. पहिल्या वर्गात विद्यार्थी होते आठ. स्वातंत्र्ययुद्धात बंद पडली, १७८४मध्ये राजाचं नाव टाकून ‘कोलंबिया’ या नावानं पुन्हा उघडली. आज ती ना सरकारच्या मालकीची, ना कुणा घराण्याच्या. विश्वस्त मंडळ चालवतं आणि नफा वाटून घेता येत नाही. संपत्ती मात्र अफाट. १८१४मध्ये मॅनहॅटनमधली एक बाग सरकारनं या कॉलेजला देऊन टाकली होती. त्याच जमिनीवर पुढे रॉकफेलर सेंटर उभं राहिलं, आणि १९८५मध्ये विद्यापीठानं ती जमीन ४० कोटी डॉलरला विकली. राखीव निधी आज १४ अब्ज डॉलरच्या वर आहे.

तेव्हा तुला पैसे मोजून घेतलं, हे मामांचं म्हणणं चूक. तुझी पदवी, शिफारसपत्रं, तू खर्ऱ्याबद्दल लिहिलेलं निवेदन, हे वाचून घेतलंय. पण मामांच्या बोलण्यात एक कण खरा आहे आणि तो तुझ्यापासून लपवणं बरं नाही.

अशा संशोधन विद्यापीठात पैसा दोन दिशांनी वाहतो. प्राध्यापक सरकारकडून आणि प्रतिष्ठानांकडून संशोधनासाठी अनुदान आणतात. त्या अनुदानातून आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून पीएचडीच्या विद्यार्थ्यांना बहुधा शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळतं, कारण प्रयोगशाळा आणि वर्ग त्यांच्या कष्टावर चालतात. (ते विद्यावेतनही त्या महागड्या शहरात पुरत नाही, म्हणून २०२१च्या नोव्हेंबरापासून कोलंबियाचे विद्यार्थी-कर्मचारी दहा आठवडे संपावर होते.) मास्टर्सचा विद्यार्थी दुसऱ्या टोकाला उभा असतो. त्याच्याकडून विद्यापीठाला पैसा येतो. त्यामुळे पीएचडीच्या जागा मोजक्या असतात आणि मास्टर्सचे वर्ग मोठे. २०२१मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं याच विद्यापीठाच्या चित्रपटकलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची गोष्ट छापली होती: कर्ज काढलेल्या पदवीधरांचं मध्यक कर्ज (निम्म्यांचं याहून जास्त, निम्म्यांचं कमी) १,८१,००० डॉलर, आणि त्यांतल्या निम्म्या लोकांची दोन वर्षांनंतरची कमाई वर्षाला ३० हजार डॉलरहूनही कमी. तुझा विषय निराळा आहे, एमपीएचला नोकऱ्या तुलनेनं बऱ्या असतात. सांगायचं एवढंच की दाराबाहेरची पाटी तीच असली तरी कोणत्या दारानं आत जातेस त्यावर हिशेब ठरतो.

क्रमवारीच्या आकड्यांनीही फार हुरळू नये. अमेरिकेतल्या एका गाजलेल्या यादीत कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावर होतं. २०२२मध्ये तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकानं, मायकल थॅडियस यांनी, विद्यापीठानं पुरवलेली आकडेवारीच तपासून तिच्यातल्या चुका जाहीर मांडल्या. पुढच्या यादीत विद्यापीठ थेट अठराव्या क्रमांकावर. स्वतःच्याच संस्थेचं माप काढणारे प्राध्यापक जिथं नोकरी टिकवून असतात, ती जागा मला तरी त्या दोन क्रमांकांपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

आता हिशेब. कागद घे. दीड कोटीचं कर्ज, ११ टक्के व्याज, १५ वर्षं मुदत धरली तर महिन्याचा हप्ता एक लाख सत्तर हजारांच्या आसपास बसतो. शिकत असतानाच्या दोन वर्षांचं व्याज यात धरलेलं नाही. तिकडे नोकरी लागली तर हा हप्ता सुमारे १,९०० डॉलर होतो, जड आहे पण भरता येतो. नोकरी लागली नाही, किंवा लागून टिकली नाही, तर नागपूरच्या कुठल्याही दंतवैद्याच्या पगारातून तो निघणार नाही. तोवर बाबा निवृत्त झालेले असतील. म्हणजे सगळा डाव ‘तिकडे नोकरी’ या एका गोष्टीवर लागतो, आणि त्या गोष्टीवर तुझा ताबा सगळ्यांत कमी आहे.

विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, तेही विद्यापीठाच्या आवारात. न्यूयॉर्कचं किमान वेतन तासाला १७ डॉलरच्या आसपास आहे. त्यातून जेवणखाण, मेट्रो आणि भाड्याचा काही भाग सुटेल, फी नाही. ‘पार्टटाइम करून फी काढते’ असं कुणी सांगत असेल तर त्याला अलीकडचे आकडे माहीत नाहीत. शिक्षण संपल्यावर बारा महिने काम करायची परवानगी मिळते. सरकारी यादीत विज्ञान-तंत्रज्ञान म्हणून नोंदलेला अभ्यासक्रम असेल तर आणखी चोवीस महिने. एमपीएचमध्ये हा फरक फार मोठा पडतो. बायोस्टॅटिस्टिक्स, एपिडेमिऑलॉजी हे विषय सहसा त्या यादीत बसतात. आरोग्य धोरण, समाज आणि आरोग्य अशा शाखा बहुधा बसत नाहीत. तुला कोणत्या विभागात प्रवेश मिळालाय ते पत्रात लिहिलं नाहीस. प्रवेश कार्यालयाला आजच विचार, उत्तर लेखी घे. त्यानंतर एच-१बीची, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाची सोडत. वर्षाला ८५ हजार जागा आणि अर्ज कितीतरी पट. विद्यापीठं आणि त्यांच्याशी जोडलेल्या ना-नफा संस्था या सोडतीतून मोकळ्या आहेत, हा आरोग्य क्षेत्रातल्या मुलांना त्यातल्या त्यात दिलासा. पण २०२५च्या सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, त्यावर न्यायालयात दावे झाले. ज्या नियमावर तुझ्या घराचं छप्पर टांगायचं तो इतका हलता असेल, तर मी टांगणार नाही.

तुझ्या विषयापुरती आणखी एक गोष्ट. २०२५च्या मार्चमध्ये अमेरिकी सरकारनं कोलंबियाची ४० कोटी डॉलरची अनुदानं आणि कंत्राटं रद्द केली. ठपका असा की आवारातल्या यहुदी विद्यार्थ्यांचा छळ विद्यापीठानं थांबवला नाही. रॉकफेलर सेंटरखालची जमीन विकून जेवढे आले होते तेवढेच, योगायोग म्हण. जुलैत समझोता झाला, विद्यापीठानं तीन वर्षांत २० कोटी डॉलर भरायचं कबूल केलं आणि बरीचशी अनुदानं परत सुरू झाली. या कपातीचा मोठा मार वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनालाच बसला. मास्टर्सच्या मुलांना हाताशी धरून पगार देणाऱ्या संशोधन-साहाय्यकाच्या जागा याच अनुदानांतून निघतात. तेव्हा सध्याच्या विद्यार्थ्यांना गाठून एकच प्रश्न विचार: गेल्या वर्षभरात तुमच्या वर्गातल्या किती जणांना अशी जागा मिळाली?

कोलंबियाची सार्वजनिक आरोग्याची शाळा चांगली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १९२२पासून चाललेली आहे. पुढे तिथले अधिष्ठाता झालेले अ‍ॅलन रोझेनफिल्ड यांनी १९८५मध्ये डेबोरा मेन यांच्यासोबत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. माता-बाल आरोग्य म्हणता, त्यात माता कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता. बाळंतपणात मरणाऱ्या बायकांकडे जगाचं लक्ष वळवण्यात त्या लेखाचा वाटा मोठा. गंमत म्हणजे बाबांच्या डोळ्यांसमोर जो परिसर असेल, घुमटाची लो लायब्ररी, तिच्या पायऱ्या, पायऱ्यांवरचा ‘आल्मा माटर’चा पुतळा, तिथं तुझे वर्ग भरणारच नाहीत. तो परिसर ११६व्या रस्त्यावर, तुझी शाळा १६८व्या रस्त्यावर वैद्यकीय संकुलात. बाबासाहेबांच्या वेळी लो ही खरोखरच ग्रंथालयाची इमारत होती, आज तिथं प्रशासनाची कार्यालयं आहेत. भाडं परवडत नाही म्हणून तुझ्यासारख्या कित्येक मुली नदीपलीकडे जर्सी सिटीत राहतात. जर्नल स्क्वेअरहून पाथ ट्रेन, मग मॅनहॅटनमधून वर जाणारी ए ट्रेन. एकेका बाजूचा तासाच्या वरचा प्रवास धरून चाल.

मग वर्षभर करायचं काय?

तुझा प्रश्न खर्ऱ्याचा आहे ना? मग तो प्रश्न तुझ्या दवाखान्यासमोरच्या पानठेल्यावर आहे. अभय आणि राणी बंग यांनी एमपीएच अमेरिकेतच केलं, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये, तेही मोठ्या शहरातलं जुनं खासगी विद्यापीठ. १९८४मध्ये पदवी घेतली, दोन वर्षांत गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. पण जाण्याआधी दोघं वर्धा जिल्ह्यातल्या गावांत काम करून गेले होते. काय शिकायचं ते ठाऊक असलेला विद्यार्थी त्या वर्गांतून दुप्पट घेऊन येतो. गडचिरोलीत दारू आणि तंबाखूवर ‘मुक्तिपथ’ हे काम चालतं, तुझ्या घरापासून एका एसटीच्या अंतरावर. मुंबईत टाटा मेमोरियल आहे. तिथं किंवा अशा कुठल्याही प्रकल्पावर जागा मिळते का पाहा. दवाखान्यातलंच काम चालू ठेवायचं असेल तर येणाऱ्या प्रत्येक खर्रा खाणाऱ्याची साधी नोंद ठेव: वय, किती वर्षं, दिवसाला किती पुड्या, तोंड किती मिलिमीटर उघडतं. परवानगी घेऊन, नाव न लिहिता. वर्षभराची अशी वही म्हणजे पुढच्या अर्जातलं सगळ्यांत वजनदार पान.

याला एक सोयीचा योगही आहे. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्तीच्या विषयांत सार्वजनिक आरोग्य येतं, पण तिला संबंधित क्षेत्रातला तीन वर्षांचा पगारी अनुभव लागतो. तुझी दोन झालीत. ती घेतलीस तर परत मायदेशी येऊन राहावं लागतं. बडोद्याच्या करारासारखंच, आणि तुझं काम विदर्भातच असेल तर तो काच नाहीच.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तुझं घर त्यात बसतं असं पत्रावरून धरते. शुल्क, निर्वाह भत्ता, विमानभाडं सगळं देते. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत असावं लागतं, कोलंबिया त्यात आरामात आहे. शिवाय केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, तिला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. दोन्हींच्या अटी अधूनमधून बदलतात, म्हणून जाहिरात निघाली की ती स्वतः वाच, कुणी फॉरवर्ड केलेल्या सारांशावर जाऊ नकोस. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, पासपोर्ट हे आत्ताच तयार ठेव. या शिष्यवृत्त्यांची मुलं हुकतात ती गुणांपेक्षा कागदांपायी जास्त. जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२पासून कर्जरूपानं मदत करते. रक्कम तुझ्या खर्चापुढे लहान आहे, पण उरलेली फट बुजवायला चालेल.

दोन वर्षं लागली तरी तू अठ्ठावीसची असशील. आणि समजा शिष्यवृत्ती अर्धीच मिळाली तर? मग माझी पट्टी ही: ज्या कर्जाचा हप्ता परत येऊन नागपूरच्या पगारातून फेडता येईल, तेवढंच कर्ज. त्याच्या वर एक रुपया नाही, बँक कितीही देवो. आणि तारण म्हणून मामांचा प्लॉट अजिबात नको. देण्याआधीच ज्यांना टोमणा सुचला, त्यांना हप्ता चुकल्यावर काय काय सुचेल?

राहिले बाबा. त्यांना ‘आपल्याला परवडत नाही’ असं सांगू नकोस. उभी हयात तिकिटं फाडून पोरीला डॉक्टर केलेल्या माणसाला ते वाक्य फार लागतं. त्यांना सांग की प्रवेश मिळवला तो माझ्या हिमतीवर, आणि आता जाणार तीही माझ्या हिमतीवर, शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ची आणि १९२०ची गोष्ट त्यांच्याच तोंडून वदवून घे. वस्तीत काय सांगायचं हा त्यांचा खरा घोर असेल, तर उत्तर सोपं आहे: जागा मिळालीय, पुढच्या साली जाणार. आईला या बोलण्याला जवळ बसव. घर तिचंही आहे, आणि तुझ्या अख्ख्या पत्रात तिचं मत कुठेच आलेलं नाही.

या आठवड्यात विभागाला एक मेल टाक. तीन गोष्टी विचार. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का? ढकलला तर दहा हजारांची सवलत टिकेल का? जागा धरून ठेवायला भरावी लागणारी रक्कम परत मिळते का? ढकलता येत नाही म्हणाले तर सवलत वाढवून मागायला लाजू नकोस, तिथं ते रीतसर चालतं. तरीही नाहीच म्हणाले, तर मुदत जाऊ दे आणि पुढच्या हंगामात कोलंबियासोबत आणखी चार ठिकाणी अर्ज कर. तुझी वही तोवर भरलेली असेल. जाहिरात निघाली आणि अटींमध्ये कुठे अडलं, तर अडलेलं कलम मला तसंच्या तसं लिहून पाठव.

— ताई